बोटभर माया

मंदावन्संनी दाराशी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि माझ्या शिवणाच्या मशीनवरच्या औषधाच्या बाटल्या एकेक करून खिडकीत नेऊन ठेवायला सुरुवात केली. मी स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी उभी राहून बघत होते. बाटल्या झाल्या, गोळ्यांची पाकिटं झाली, मालिशच्या तेलाची वाटी झाली. मग त्यांनी मशीनवरचं लाकडी झाकण काढलं, बोटानं धूळ पुसली आणि पिशवीतून एक हिरवा ब्लाउज काढून तिथं ठेवला.

"हा सैल होतोय. दोन्ही बगलांखाली बोटभर आत घे," त्या म्हणाल्या. "आजच हवाय."

मला असा राग आला म्हणून सांगू. आतल्या खोलीत माझा नवरा, यांचा सख्खा धाकटा भाऊ, चार महिने अंथरुणाला खिळलेला, आणि या बाईला ब्लाउजचं सुचत होतं.

एकोणनव्वद सालचा डिसेंबर होता तो. आम्ही वाईला राहत होतो. यजमान पंचायत समितीत क्लार्क होते आणि रेवती, आमची मुलगी, चौथीत होती. मंदावन्सं साताऱ्याला मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. सासूबाई लवकर गेल्या तेव्हा यांना वन्संनीच लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द म्हणजे सासूचाच शब्द. अंगानं भरलेल्या, कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज, कपाळाला बारीक कुंकू. आल्या की घरातली भांडीसुद्धा सरळ रांगेत उभी राहतात असं हे म्हणायचे. चांगले असताना हे फार थट्टेखोर होते.

मला शिवणाची हौस होती. धंदा नव्हे, निव्वळ हौस. आळीतल्या सगळ्या मुलींचे फ्रॉक मी शिवायचे, कुणाकडून एक पैसा घेतला नाही. कापड पसरलं, खडूनं आखलं आणि कात्री चालवली की मला तहानभूक लागत नसे. श्रावणातल्या एका शनिवारी रेवतीच्या फ्रॉकला झालर लावत बसले होते. लांबलचक झालर, चुण्या घालून जोडायची होती. मशीन धडधडत होतं. मागच्या न्हाणीघरात हे पडले होते आणि मला हाका मारत होते. मी झालर पुरी करूनच उठले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास तरी गेला असेल. लवकर कळलं असतं तर फरक पडला असता का, हे मी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी मी मशीनवर झाकण घातलं आणि त्यावर औषधं मांडली. जागा चांगली होती, पलंगापासून जवळ.

"मी आता मशीनला हात लावत नाही, वन्सं," मी म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे."

"मी कुठं फ्रॉक शिवायला सांगतेय? दोन टिपा मारायच्यात."

"आवाजाचा यांना त्रास होईल."

"दिगूजवळ मी बसते. त्रास झाला तर मी सांगेन." त्या आत जायला वळल्या आणि मग थांबून म्हणाल्या, "आणि आतलं कापड कापू नकोस हं. माया राहू दे."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. अंग भरलं की टीप उसवायची आणि मायेतून कपडा सैल करून घ्यायचा. माया नसेल तर तो कपडा कायमचा गेला. शिवणाच्या वर्गात बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की माया ठेवताना हात आखडता घेऊ नये. वन्सं गणिताच्या असल्या तरी एवढं त्यांनाही ठाऊक होतं.

मी बसले ती चिडूनच बसले. सुईत दोरा जाईना. पट्टा सैल पडला होता, बॉबीनमध्ये धूळ बसली होती, पायाची लय चुकत होती. मशीन सुरू झाल्याबरोबर माझ्या पाठीतून घाम सुटला. चार बोटं शिवायचं आणि थांबून कान द्यायचा, चार बोटं शिवायचं आणि कान द्यायचा. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा आतून यांचा आवाज आला. गेल्या दोन महिन्यांत जे काही शब्द परत आले होते त्यांतले दोन होते.

"वाजू दे म्हणतोय," वन्संनी आतून सांगितलं.

मी मशीनवर डोकं टेकून रडले. मग उरलेली टीप मारली. टीप कसली, गोगलगाय चालून गेल्यासारखी वाकडीतिकडी रेघ होती. वन्संनी चष्मा लावला, ब्लाउज उलटा केला आणि वही तपासावी तशी ती टीप टोकापासून टोकापर्यंत तपासली.

"वाकडी आहे," त्या म्हणाल्या. "पण उसवणार नाही."

पुढच्या रविवारी त्या पुन्हा सकाळच्या एस.टी.नं आल्या आणि पिशवीतून निळा ब्लाउज निघाला. हाही सैल होता. त्याच्या पुढच्या रविवारी चॉकलेटी. ठरूनच गेलं तसं. त्या यांच्याजवळ बसायच्या, हातापायांना तेल लावायच्या, पाढे म्हणून घ्यायच्या. हो, पाढे. डॉक्टरांनी बोलतं ठेवा म्हणून सांगितलं होतं, तर यांना बेचे पाढे. आणि मी तेवढे दोन तास मशीनवर. मी टेप घेऊन माप घ्यायला गेले की त्या मागे सरायच्या. "टेप कशाला, मी टाचण्या लावून आणल्यात, टाचण्यांवरून टीप मार," असं म्हणायच्या. थंडीचे दिवस होते, त्या शाल गुंडाळून असायच्या, दोन्ही खांद्यांवरून. एकदा मी म्हणालेही, वन्सं, बारीक झालात. तर म्हणाल्या, शाळेची नवी इमारत चार मजली आहे, दिवसातून सहा वेळा जिने चढते, तू चढ म्हणजे तूही होशील. मला जरा हेवाच वाटला.

चौथ्या-पाचव्या रविवारी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आठवड्याला एक ब्लाउज कुणाचा सैल होतो? बाई मास्तरीण आहे. मला मशीनवर बसवायचं म्हणून दर रविवारी गृहपाठ आणते आहे. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की विचारू नका. पण बोलले नाही. म्हटलं, चालू दे. त्यांना वाटू दे आपण फसवतोय.

आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. गुरुवार उजाडला की मी रविवारची वाट बघायला लागे. मग रविवारचीही वाट बघेना. एका दुपारी हे झोपलेले असताना मी आपण होऊन झाकण काढलं, पट्टा घट्ट केला, सगळ्या सांध्यांना तेल दिलं. यांना सदरा घालणं हे रोजचं युद्ध होतं, मेलेला हात बाहीत जाता जात नसे. मला सुचलं की उजवी बाही आणि उजवी कूस पूर्ण उघडी ठेवायची आणि बंद लावायचे. हात न हलवता सदरा नुसता वरून पांघरायचा आणि बाजूनं बांधायचा. दोन जुन्या चादरी फाडून मी असे तीन सदरे शिवले. संक्रांतीच्या दिवशी यांना नवा सदरा घालून उशीला टेकवून बसवलं. यांनी डाव्या हातानं बंद चाचपले आणि वाकड्या ओठांनी म्हणाले, "शिंपीण." त्या एका शब्दावर मी आठवडाभर जगले.

वन्संनी तो सदरा हातात घेऊन उलटून पालटून बघितला. "डोकं लावलंस," एवढंच म्हणाल्या, पण मला त्यांच्या तोंडून एवढं कधी मिळालं नव्हतं.

जानेवारी सरता सरता तो हिरवा ब्लाउज परत आला. मीच डिसेंबरात आत घेतलेला. त्याला पुन्हा टाचण्या लावलेल्या. मी टीप मारली, मनातल्या मनात हसत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तोच हिरवा तिसऱ्यांदा आला, आणि मग मला राहवलं नाही. तोवर माझा हात चांगला बसला होता, आळीतल्या मुली पुन्हा कापडं घेऊन यायला लागल्या होत्या. घरात जरा हसण्याइतकी हवा झाली होती.

"वन्सं, एक विचारू का? रागावणार नसाल तर."

"विचार."

"तुम्ही घरी जाऊन माझी टीप उसवता आणि तोच ब्लाउज परत आणता. मला मशीनवर बसवायला. हो ना?"

त्या यांच्या पायांना तेल लावत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं. हे ऐकत होते, यांच्या डोळ्यांत थट्टा होती, कितीतरी दिवसांनी. वन्सं हसल्या.

"ओळखलंस वाटतं," त्या म्हणाल्या.

"मला काय खुळी समजता?" मी म्हणाले. हेही घशातल्या घशात हसले. त्या सकाळइतकं मोकळं आम्ही तिघं त्या वर्षात कधी हसलो नव्हतो.

मी मशीनवर गेले. ब्लाउज उलटा केला, टाचण्यांची ओळ धरली. आधीच्या दोन टिपा बोटांना लागत होत्या. त्यांच्या आतून मी तिसरी मारली, एका दमात, न थांबता. टीप सुरेख आली. पण आतलं कापड आता खूप झालं होतं, बगलेत त्याची जाड वळी होत होती. हे काही नीट कामाचं लक्षण नव्हे. माझा हात परत आला होता आणि हाताबरोबर माझी ऐटही. मी कात्री घेतली आणि टिपेच्या जेमतेम बाहेरून, दोन्ही बाजूंनी, ती जास्तीची पट्टी कापून टाकली. कडेला दोरा भरला. आतूनही ब्लाउज बाहेरच्यासारखा दिसायला लागला.

वन्सं चहाचा कप घेऊन आल्या. जमिनीवर हिरव्या पट्ट्या पडल्या होत्या. त्यांनी वाकून एक उचलली. तिच्यावर पहिल्या रविवारची वाकडी टीप होती.

"कापलीस का गं?"

"वळी होत होती, टोचली असती," मी म्हणाले. आणि मग, अजून थट्टेच्याच भरात, म्हणाले, "आणि आता तुम्हाला कशाला हवीय एवढी माया?"

त्यांनी ती पट्टी बोटाला गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली.

"खरंय," त्या म्हणाल्या.

चहा पिऊन त्या नेहमीपेक्षा एक एस.टी. आधी निघाल्या. मी हिरवा ब्लाउज घडी घालून त्यांच्या पिशवीत ठेवला. ती पट्टी त्यांनी टाकलेली मला दिसली नाही.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. परीक्षा जवळ आल्या असतील म्हणून मी मनाला घेतलं नाही. मग त्यांच्या शाळेतल्या एका बाईंचं कार्ड आलं. मंदाताई दवाखान्यात आहेत, तुम्हाला कळवू नका म्हणत होत्या, पण मला ते बरं वाटत नाही, असं लिहिलं होतं. शेजारच्या काकूंना यांच्याजवळ बसवून मी साताऱ्याला गेले.

शालीशिवाय मी त्यांना चार महिन्यांत पहिल्यांदा बघत होते. खाटेवर निम्म्याच उरल्या होत्या. दुखणं पोटाचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं, मूठभर आशाही दाखवली होती, औषधं लागू पडली तर अंग भरेल म्हणून. त्यानंतर महिन्याभरानं त्यांनी माझ्या मशीनवरच्या बाटल्या खिडकीत नेऊन ठेवल्या होत्या.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," मी म्हणाले. आजारी माणसाशी पहिलं वाक्य हे. पण दुसरं काही तोंडातून निघेना.

"मी कुठं बोलले? तूच बोललीस. मी नुसतं हो म्हटलं." आवाज खोल गेला होता, पण सूर वर्गातलाच होता. "दोन कामं होती, एका खेपेत होत होती. ब्लाउज सैल होतच होते, आणि तुला मशीनवर बसवायचं होतं."

"मला सांगितलं असतं तर मी..."

"तर तू पुन्हा झाकण घातलं असतंस."

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, दिगूसारखा एक सदरा मला शिवून दे, बंदांचा, हाताला सलाईन असलं की बरा पडेल. मी सवयीनं विचारलं, किती सैल ठेवू. आणि विचारता विचारता माझी जीभ अडखळली. त्यांना ते कळलं.

"माया ठेव की," त्या म्हणाल्या. "ठेव बोटभर."

मी दोन शिवले. चांगली बोटभर माया ठेवून. त्यातला एक त्यांनी तीन आठवडे घातला. दुसऱ्याची घडी मोडली नाही. वैशाखात त्या गेल्या. यांना मी सांगितलं तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ बेचा पाढा म्हणत राहिले.

हे त्यानंतर अकरा वर्षं होते. मी शिवण सोडलं नाही. आज बहात्तरावं चालू आहे आणि उद्या रेवतीला नात झाली तर तिचे फ्रॉकसुद्धा मीच शिवणार आहे, डोळे साथ देतील तर. लोक माझ्या हाताचं कौतुक करतात. म्हणतात, टीप कशी पट्टीनं आखल्यासारखी. मी हसते आणि विषय बदलते.

वन्संच्या खोलीतलं सामान आवरायला मीच गेले होते. साड्या शाळेतल्या बायकांना दिल्या. ब्लाउज सात होते, ते कुणाला होणार होते? ते मी घरी आणले आणि एका सकाळी खिडकीच्या उजेडात एकेक उलटा करून बघितला. प्रत्येकात माझ्या टिपा होत्या. निळ्यात दोन, चॉकलेटीत दोन, बाकीच्यांत एकेक. जवळजवळ, एकीच्या आत एक. बाहेरची वाकडी, आतली सरळ. एकही टीप उसवलेली नव्हती. उसवलेल्या टिपेची भोकं राहतात, ती कापडावर कित्येक महिने दिसतात, हे शिवणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. एकही भोक नव्हतं. तिसरी टीप मारताना आधीच्या दोन माझ्या बोटांना लागत होत्या, चांगल्या घट्ट, जशा मारल्या तशा. मी त्यांवरून बोटं फिरवत "मला काय खुळी समजता" म्हणून हसत होते. यांची हाक ऐकू आली नाही तेव्हा मशीनचा आवाज तरी मध्ये होता.

हिरवा मी अजून ठेवला आहे. त्यातली ती तिसरी टीप मी आयुष्यात मारलेल्या सगळ्या टिपांमध्ये सर्वांत सरळ आहे. तिच्या बाहेर एक सूतभरही कापड नाही.